एकतिसावा नियम

"मागच्या वेळी कुठे थांबलो होतो रे आपण?" ड्वेनने विचारलं.

हा प्रश्न आता दर रविवारचा झाला होता. हार्लनने समोरचं खेळाच्या टिपणांचं कार्ड उचलून वाचून दाखवलं. ओर्वा नदी, बुडालेला पूल, पलीकडे दिवा घेऊन उभी असलेली चेटकीण. ड्वेन पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मान डोलवत होता.

"आणि तिचं नाव काय म्हणालास?"

हार्लनने कार्ड उलटलं. "मोरेथ. अरे, तुझ्याच बुटक्याने तिला लग्नाची मागणी घातली होती ना!"

"मग तर विसरलेलंच बरं," ड्वेन म्हणाला.

मर्ल हसला नाही. एरवी ड्वेनची टर उडवायची संधी न सोडणारा मर्ल नुसता फासे चोळत बसला. हार्लनची बायको लॉर्ना नियमांची वही मांडीवर घट्ट धरून होती. म्हणजे यांच्याही लक्षात आलं होतं तर.

चाळीस वर्षं हे चौघं विस्कॉन्सिनचा हिवाळा याच तळघरात हा खेळ खेळत काढत आले होते. कथा हार्लनने सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं आणि निकाल फाशांनी द्यायचा. खेळाचं छापील पुस्तक कधीच अडगळीत गेलं होतं. नद्या हार्लनच्या, राक्षस हार्लनचे, आणि नियम घरचे. नियम वहीत लिहायचा, खाली चौघांनी सह्या करायच्या, की झाला लागू. चौथा नियम असा, की फासा जमिनीवर पडला तर मांजराचा पंजा लागण्याआधीचा आकडा धरावा. बारावा असा, की गैरहजर माणसाचं पात्र मरत नाही, ते मागे राहून घोडे राखतं.

त्या बाराव्या नियमाने हार्लनला हल्ली चैन पडत नव्हतं. ड्वेन एक दिवस असाच, समोर बसल्या बसल्या गैरहजर होणार होता. शाळेपासूनचा मित्र. त्याच्याशिवाय रविवार कसा असेल, हा विचारही हार्लनला सहन होत नव्हता.

"मी पुलावरून जातो," ड्वेन म्हणाला. "मी म्हणजे ग्रिम. बुटका. कुऱ्हाडवाला."

"माहीत आहे मला ग्रिम कोण ते!" हार्लन एकदम ओरडला. मांजर जिन्याकडे पळालं. "दर वेळी काय ओळख करून देतोस? मी काय नवीन आलोय इथे?"



"चिडू नकोस बाबा," ड्वेन हळूच म्हणाला. "म्हातारा झालोय मी. सांभाळून घे."

हार्लनला स्वतःचीच लाज वाटली. बिचारा आपणहून कबूल करतोय, आणि आपण त्याच्यावर खेकसतोय.

वरून काहीतरी करपल्याचा वास आला. "अगं बाई, सॉसेज!" म्हणत लॉर्ना उठली. "मर्ल, तूही चल. मोहरीची बाटली वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही."

"मी तोवर पायरीवरचा बर्फ काढतो," म्हणत ड्वेनही त्यांच्यामागे गेला. जाताना त्याने हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

हार्लनने कार्डं गोळा केली, पुन्हा पसरली, पुन्हा गोळा केली. काहीतरी करायलाच हवं होतं. ड्वेनच्या बायकोला फोन करावा? नको. उद्या ती त्याला यायलाच बंदी करेल.

गडबडीत लॉर्नाची वही खुर्चीवरच राहिली होती. ती बघताच त्याला सुचलं. नियमच करून टाकायचा. ड्वेन विसरला तर कुणी हसायचं नाही, कुणी त्याला जाणवू द्यायचं नाही. तो विचारेल तितक्या वेळा हार्लन पहिल्यापासून सांगेल. आपल्या टेबलावर माणसाला असं घोडे राखायला सोडून द्यायचं नाही. त्याला एकदम हलकं वाटलं.

त्याने डाव्या हातात पेन घेतलं. आतापर्यंत तीस नियम झाले होते, हा एकतिसावा. त्याने शेवटचं पान उघडलं.

पान कोरं नव्हतं. डावीकडे कललेलं ते अक्षर त्याने जन्मभर स्वतःच्या हाताखाली पाहिलं होतं.

'नियम एकतिसावा. मी विसरायला लागलो, की ड्वेनने विसरल्याचं सोंग घ्यावं, म्हणजे मला कार्ड वाचायला निमित्त मिळेल. मला कुणी जाणवू देऊ नये. हार्लन.'

खाली चौघांच्या सह्या होत्या. त्याखाली त्याच कललेल्या अक्षरात सहा तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द होता, 'वाचला'. शेवटची तारीख गेल्या रविवारची होती.