पहिली पंगत

“समोरच्या नव्या हॉटेलानं आपली गिऱ्हाइकं पळवली,” असं म्हणत दीर वर्षभर कुढत होते, आणि द्वारकाबाईंना ते पटतही होतं.

आज मात्र खानावळीच्या मागच्या पायरीवर त्यांची स्वयंपाकीण घरून आणलेली भाकरी खाताना दिसली.

“इथं दिवसभर रांधतेस, आणि डबा घरचा?”

“कालच्या आमटीत पाणी घालून आज वाढायची, हा धाकट्या मालकांचा हुकूम. माझ्या घशाखाली कशी उतरेल, वहिनी? तुम्ही तरी कुठं खाता? तुमचं माडीवर वेगळं शिजतं.”

द्वारकाबाईंनी वर माडीकडे पाहिलं. सासूबाई होत्या तोवर घरचे सगळे गिऱ्हाइकांबरोबर पहिल्याच पंगतीला बसत.

त्यांनी तडक माडीवर जाऊन स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं आणि खाली येऊन दिराचं पान मांडलं.

“घरची चूल आजपासून बंद. बसा भावोजी, आमटी वाढते.”