बिनचूक

धाकटी बहीण गेली आणि तिचा पियानो घड्याळजीच्या बायकोकडे आला. बहिणीची लाडकी धून ती रोज वाजवायची. आठवण अनावर झाली की रेंगाळायची, सूर चुकायचे. पोरकी भाची शेजारी बसून ऐकत राहायची. घड्याळजीला मात्र चूक सोसवत नसे. “स्मृतिदिनाला चार माणसं जमतील, हसं होईल तुझं,” म्हणत तो प्रत्येक चुकीला कागदावर पेन्सिलीने फुली मारायचा. वर्षभरात फुल्या संपल्या. स्मृतिदिनी भरल्या खोलीत तिने धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिनचूक वाजवली. टाळ्या पडल्या. घड्याळजीची छाती फुगली. भाचीने हळूच मावशीची बाही ओढली. “मावशी, आईची धून कधी वाजवणार?” “अगं, हीच तर होती!” घड्याळजी हसला. पोरीचा चेहरा पडला. मावशीने पुन्हा पट्ट्यांवर हात ठेवले. बहिणीची आठवण अनावर झाली. पण बोटं काही केल्या रेंगाळेनात.