मसुरीएवढा फुगा

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या काचेला टेकवली. "या ताई, इकडे या. हे बघा."

बाई उठून जवळ गेल्या. फिल्मवर रक्तवाहिन्यांच्या फांद्याच फांद्या पसरल्या होत्या.

"मेंदूभोवती रक्त साचलं, हे स्कॅनमध्ये कळलं. पण आलं कुठून? इथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही." त्यांचं बोट एका धमनीवरून सरकत कपाळामागच्या जोडावर थांबलं. "हा चोर! मसुरीच्या दाण्याएवढा फुगा. चांगला धडधाकट माणूस आडवा केला याने."

"अगं बाई! एवढ्याशाने?"

"मग! आता इलाज ऐका. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घातली, ती थेट इथवर नेली. तिच्यातून प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरली. कवटीला हातसुद्धा लावला नाही. इतकी वर्षं हेच करतोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो." त्यांनी बाही वर केली. खरंच काटा आला होता. बाईंच्याही अंगावर आला.

"पुन्हा फुटेल का हो?"

"छे! पक्का बंदोबस्त केलाय."

बाईंना खरं विचारायचं होतं ते वेगळंच. बाकी सगळं त्या निभावून नेणार होत्या. "आणि मला ओळखतील ना ते?"

डॉक्टर खुर्चीत बसले. "खोटा धीर नाही देणार. या जोडाजवळच्या बारीक फांद्या आठवणी सांभाळणाऱ्या भागाला रक्त पुरवतात. तिथे धक्का बसलाय. कामातलं घडाघडा बोलतील, पण घरचं माणूस परकं वाटेल. आठवत नाही तिथे मनाचं काहीतरी जोडतील आणि त्यांना ते शंभर टक्के खरं वाटेल. ती लबाडी नव्हे. वाद घालू नका."

"नाही घालत."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"मग काय! एवढा संसार असा सहजी पुसला जातो होय? थोडा धीर धरा, ताई."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतकं अवघड इतकं सोपं करून सांगणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. कौतुकाने त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सिस्टर आत आली. "आज तरी ओळखलं का यांनी तुम्हाला?" तिने बाईंना हळूच विचारलं, आणि डॉक्टरांना दंडाला धरून परत पलंगावर निजवलं.