अकोल्याचे पाच तारे

टेबलाच्या काचेवर हॉटेलाच्या शाखांचा नकाशा उमटला तसे मुरलीधरराव वाकून बघू लागले. या हॉटेलात गिऱ्हाइकाला तारे द्यावे लागत नाहीत. घास किती आवडला ते चमचाच जिभेवरून ओळखतो. त्यांच्या पत्नी वैजयंताबाईंच्या नावावर सांगलीला दोन तारे, नाशिकला दोन, आज साताऱ्यालाही दोन. अकोल्याला मात्र चक्क पाच.

"खिचडी तर सगळ्या शाखांत एकसारखंच यंत्र शिजवतं. मग अकोल्याला काय वेगळं होतं?"

"मलाही कळत नाही हो," त्या गोंधळून म्हणाल्या. बहिणीकडून परतताना बस चुकली होती, एवढंच. खिडकीशी एकट्याच बसल्या होत्या. ताटातला पापड शेवटपर्यंत अख्खा राहिला होता. पण ते काही चवीत धरत नाहीत.

"असू दे," त्यांच्या ताटातला पापड सवयीने मोडत मुरलीधरराव मायेने म्हणाले. "पुढच्या महिन्यात आपण दोघं अकोल्याला जाऊ."

"जाऊ की," वैजयंताबाई मनापासून हसल्या आणि त्यांनी घास घेतला.

साताऱ्यासमोरचा एक तारा विझला.

दोघंही काचेकडे बघत राहिले. मग मुरलीधररावांनी आपला चमचा पुढे केला.

"तुझा बिघडलेला दिसतोय. घे, माझ्याने खा."