मागच्या सीटवरचा आवाज

आईच्या फोनवरची गाणी ब्लूटूथने गाडीत वाजत होती. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी आणि आई मागे. बोलता बोलता मुलाने आरशातून मागे पाहिलं आणि स्टिरिओचा आवाज एकदम वाढवला.

आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय, हे आईने ओळखलं. गाडीचा आवाज त्याच्या हातात होता, पण फोनचा तिच्या. खिडकीबाहेर बघत तिने तो थोडा थोडा कमी करत आणला. बोलण्याच्या नादात पुढच्या दोघांना पत्ताच लागला नाही.

"बाळ झालं की आईचं दुकान बंद करायचं," मुलगा अजूनही मोठ्याने सांगत होता. "तिथे लोकांचे मिक्सर दुरुस्त करत बसण्यापेक्षा घरी बाळाला सांभाळेल."

"अरे, पण त्यांना विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? आई कधी कशाला नाही म्हणालीय?"

आईने गाणं बंद केलं.



"नाही! हे पहिलं समज. आणि बाळ तुझं आहे ना, मग घरी तू बस."