चौथा स्क्रू

सोमवार, ९ नोव्हेंबर. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दोरीवर चव्वेचाळीस चादरी, उंबऱ्यात दोन बायका, आणि अंगणात गाडी नाही.

मास्तर फाटकातच थबकले. फरशी नुकतीच साबणाने घासलेली होती. चाकांची एक खूणही उरली नव्हती.

"चोरी!" ते म्हणाले. "गाडी चोरीला गेली?"

सुनेने सासूकडे पाहिले. मग नुसती मान हलवली.

इस्पितळाच्या चादरी धुऊन पोहोचवणारे हे घर. घरचा कर्ता मुलगा अठरा दिवसांपूर्वी तापाचे निमित्त होऊन गेला. तो मास्तरांचा विद्यार्थी. तंत्रशाळेतल्या एकतीस वर्षांत मास्तरांच्या हाताखालून शेकडो मुले गेली, पण निवृत्तीनंतरही दर रविवारी दारात येऊन "मास्तर, काही हवंय का?" असे विचारणारा हा एकटाच. त्याच्यामागे आई, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि ती जुनी व्हॅन राहिली होती. माणसांना धीर देणे मास्तरांना जमत नसे. यंत्राचे जमे. म्हणून ते रोज येत आणि गाडीचे काही ना काही उघडून पुन्हा बसवून देत.

काल संध्याकाळी त्यांनी ब्रेकला हात घातला होता.

"ती मेली धक्का मारल्याशिवाय हलत नाही," सासू म्हणाली. "चोराला धक्का मारायला माणसं कुठून मिळाली, कोण जाणे!"

"आई, चहाचं बघा ना," सून घाईने म्हणाली. मुलगी पुढे येऊन तोंड उघडणार, तोच तिलाही घड्या मोजायला आत पिटाळण्यात आले.

मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते. प्रत्येक चाकामागे एक बारीक स्क्रू असतो. तो सैल करून ब्रेकमधली हवा काढायची आणि पुन्हा आवळायचा. एक जरी सुटा राहिला, तरी ब्रेकचे तेल गळत जाते आणि ब्रेकवर दिलेला पाय थेट तळाला टेकतो. पहिला आवळलेला त्यांना आठवत होता. दुसराही. तिसराही. मग घरातून सासूच्या हुंदक्यांचा आवाज आला होता, आणि त्यांची मोजणी तुटली होती.

चौथा आठवत नव्हता.

"पोलिसांत जायला हवं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"आज नको, मास्तर. आधी चादरी पोहोचवू."

या उत्तराने त्यांना हायसे वाटले आणि त्याच क्षणी स्वतःची शरमही वाटली. पोलीस विचारणार, गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला. मग या घरात कुठल्या तोंडाने यायचे? पण न सांगावे, तर कुठल्यातरी रस्त्यावर ती गाडी धावत होती आणि पुढे कुणीतरी रस्ता ओलांडत होते.

चादरींची हातगाडी त्यांनी हट्टाने स्वतः घेतली. "या वयात?" सून म्हणाली. "वय पायांचं झालंय, हातांचं नाही," ते म्हणाले.

इस्पितळाचा रस्ता उताराचा. प्रत्येक वळणावर ते आधी भिंतीकडे पाहत, मग गटाराकडे. फुटक्या काचा दिसल्या की थांबून वाकून पाहत. चौकात घोळका दिसला तेव्हा ते हातगाडी सोडून धावले. तिथे एकजण चाकू-कात्र्यांना धार लावून देत होता. लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा आला, जवळ आला आणि त्यांच्या अंगावरून जावा तसा पुढे गेला.

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर उतरत होते. चादरीतून एक अनवाणी पाऊल बाहेर आले होते.

"काय झालं?" त्यांनी हमालाला विचारले.

"उतारावर ब्रेकच लागला नाही म्हणे."

मास्तरांनी खांबाचा आधार घेतला. "गाडी... पांढरी होती?"

"कसली पांढरी, आजोबा! सायकल होती. दोन्ही हात सोडून चालला होता शहाणा. आता हात गळ्यात बांधून फिरेल महिनाभर."

हमाल हसला. मास्तरांना हसू आले नाही. ही सायकल होती. पुढचे स्ट्रेचर कुणाचे असेल? चादरी उतरवून ते परत फिरले, आणि चढाची वाट कधी संपली ते त्यांना कळले नाही.

सून इस्त्री करत होती. सासू बाजूला घड्या घालत होती.

"पोरी," मास्तर उभ्यानेच म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पोलिसांत चल. माझं नाव सांग. काल चौथ्या चाकाचा स्क्रू मी आवळला की नाही, मला आठवत नाही. त्या गाडीनं कुणी मेलं तर ते माझ्या हातून मेलं. सकाळीच सांगायला हवं होतं. भ्यालो मी."

इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज झाला.

"कुणी मेलेलं नाही, मास्तर," सून म्हणाली. "तुम्ही आधी बसा. गाडी मागच्या गोदामात आहे. पहाटे आम्ही तिघींनीच ढकलत नेली."

"पण... चोरी..."

"चोरी तुम्ही म्हणालात. मला नाही म्हणवेना."

मास्तर खुर्चीवर बसले, ते जवळजवळ कोसळलेच. डोळे भरून आले. आता त्यांच्या ध्यानात आले. कुणीतरी खाली वाकून पाहिले असणार.

"म्हणजे तेल गळलं होतं," ते म्हणाले. "चौथा सुटाच राहिला होता ना? माझी भीड ठेवू नकोस. खरं काय ते सांग."

सुनेने सासूकडे पाहिले. सासूने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"चौथा घट्ट होता, मास्तर," सून हळूच म्हणाली. "सुटे तीन होते."