लाल फुली

सत्तेचाळिसाव्या पानावर पोस्टमास्तरीणबाईंच्या नावापुढे लाल फुली दिसली आणि देवाप्पांनी पुस्तक मिटून खाटेवर आपटलं.

"झालं. कुणा आगाऊ माणसानं आधीच खूण करून ठेवलीया. हीच चोर."

समोर महानंदाबाई जुन्या चादरीला टाके घालत होत्या. त्या नुसतं कानडीतलं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या.

देवाप्पा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासायला होते. बाद मालावर लाल पेन्सिलीनं फुली मारली, की त्याच्याकडे पुन्हा कुणी वळून बघत नसे. असलं बाद लोखंड अधूनमधून घरीही यायचं. लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेल्या चकतीवर ती फुली अजून दिसत होती.

हीच नजर त्यांना नडली. शिवाजीनगरहून जुन्या इंग्रजी रहस्यकथा आणायच्या आणि दुपारच्या चहापर्यंत बायकोला मराठीतून सांगायच्या, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. बाईंची शाळा निपाणीत चौथीतच सुटलेली. पण देवाप्पांना तिसऱ्या प्रकरणातच चोर सापडायचा आणि पुस्तक अर्ध्यावर पडायचं. शेवटी वैतागून त्यांनी जाहीर केलं, आता हे एकच. हेही तसंच निघालं तर दुपारी झोप काढणार. महानंदाबाईंचा चेहरा उतरला. दिवसभरातला तेवढाच तास त्यांचा लाडका होता. शेवटचं म्हणून देवाप्पांनाही ते उघडवेना, महिनाभर फळीवरच पडून राहिलं.

गोष्ट अमेरिकेतल्या वाळवंटातली होती. लाल डोंगर, माणसाहून उंच निवडुंग, पाण्याची मारामार. पण खून नाही की रक्त नाही. गावातल्या ओसऱ्यांवरून कुणीतरी मातीचे रांजण पळवत होतं आणि एक विधवा म्हातारी त्याचा छडा लावत होती.

"चोर कळला तर कळला," महानंदाबाई म्हणाल्या. "म्हातारी त्याला पकडती कशी, तेवढं तरी सांगा की."

तेवढ्यासाठी ते वाचत गेले. फुलीवर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पोस्टमास्तरीणबाई नुसत्या शिंकल्या तरी त्यांना त्यात काळंबेरं दिसायचं. महानंदाबाई रोज सकाळी शेजारच्या भार्गवीकडे वाती वळायला जात. दोन वर्षं हा नेम होता, घरात वातींची जुडी काही आली नव्हती. तिथून आल्यावर त्या कामं भराभर उरकत आणि दुपारी वेळेवर ऐकायला बसत.

सहाव्या दुपारी शेवटचं पान आलं. रांजण पळवत होता पाववाला. ज्यानं सगळ्यांत आधी आपलाच रांजण गेल्याची बोंब ठोकली होती, तो. पोस्टमास्तरीणबाई धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ. देवाप्पा पोट धरधरून हसले. कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांना पुरतं फसवलं होतं आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"हा फुलीवाला भेटला तर पाया पडीन त्याच्या," ते चपला शोधत म्हणाले. "आत्ता जातो आन् आणखी दोन आणतो."

महानंदाबाईंनी दातानं दोरा तोडला.

"आणा की. पण आणल्यावर महिनाभर हात लावू नका. तुमच्यागत भरभर इंग्रजी वाचायला मला अजून येत नाही."